वस्तीतली कॅन्सर तपासणी: पडद्यापासून बायोप्सीच्या कागदापर्यंत

गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत तपासणीचं काम हाती घेतलं की आम्ही आधी वस्तीत जात नाही, रुग्णालयात जातो. कोल्पोस्कोपी (भिंगाच्या उपकरणातून गर्भाशयमुख बारकाईने पाहणं) कोणत्या वारी होते, केसपेपरची खिडकी कधी उघडते आणि कधी बंद होते, तोंडातल्या चट्ट्याची बायोप्सी (तपासायला छोटा तुकडा काढणं) दंतविभागात होते की कान-नाक-घशाच्या विभागात, रिपोर्ट कुठून आणि किती दिवसांनी मिळतो, हे सगळं कागदावर उतरवून आणल्याशिवाय शिबिराची तारीख ठरत नाही. कोल्पोस्कोपी आठवड्यातून एकाच वारी होत असेल आणि आपण एका दमात शंभर बायका तपासल्या, तर ज्यांच्यात दोष सापडला त्या महिनाभर ताटकळतात. महिनाभरात कुणी गावी जाते, कुणी घर बदलते, कुणाचा धीर सुटतो. म्हणून रुग्णालय आठवड्याला जितक्या बायका घेऊ शकतं, त्या बेताने वस्तीत तपासणी करायची. आकडा लहान दिसतो, पण उपचारापर्यंत पोचणाऱ्या बायका वाढतात.

तपासण्या उपयोगी आहेत का, हा प्रश्न मुंबईपुरता तरी सुटलेला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून (त्याने बदललेला भाग पांढरा दिसतो) गर्भाशयमुखाची तपासणी आणि हाताने स्तनांची तपासणी करून घेतली, दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार फेऱ्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. केंद्र सरकारची २०१६ची मार्गदर्शक सूचनाही ३० ते ६५ वयाच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी करायला सांगते. आणि तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या, स्तनांची ०.९ टक्के. तपासणी स्वस्त आहे, शिकवता येते, जीव वाचवते. ती गल्लीपर्यंत पोचत नाही, आणि पोचली तर तिथून पुढे जात नाही.

वस्तीतलं पहिलं काम यादीचं. घरांचे नंबर सलग नसतात. एका नंबरावर खाली मालक, माळ्यावर दोन भाडेकरू अशी तीन कुटुंबं राहतात. म्हणून नंबराबरोबर खूणही लिहायची: पिठाच्या गिरणीसमोर, माळ्यावर, लोखंडी जिना. भाडेकरू असेल तर भाड्याचा करार कधी संपतो हे विचारून ठेवायचं, कारण अकरा महिन्यांनी ती बाई त्या घरात असेलच असं नाही. फोन नंबर दोन घ्यायचे. पहिला बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, दुसरा बहिणीचा किंवा शेजारणीचा. आणि तिथेच विचारायचं, "ताई, या नंबरवर फोन केला आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू?" तिने जे सांगितलं ते नंबराशेजारी लिहायचं. हा रकाना रिकामा राहिला की पुढे घोळ होतो: नवऱ्याला फोनवर नुसतं "रिपोर्ट आलाय" एवढंच कळतं, घरात भांडण होतं आणि बाई पुन्हा येत नाही.

वेळ ठरवताना नळ पाहायचा. ज्या गल्लीत पाणी सकाळी येतं तिथे पाणी भरून, मुलं शाळेत पोचवून बाई मोकळी होईपर्यंत अकरा वाजतात. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोननंतर परततात. म्हणून बारा ते चार ही वेळ सगळ्यांत बरी. सकाळी दहाला तंबू ठोकून दीडला गुंडाळणारं शिबिर नेमक्या कमावत्या बायकांना गाळतं. रमजानमध्ये, गणपतीत आणि शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत शिबिर ठेवायचं नाही. सुट्टीत निम्मी वस्ती गावी असते.

जागा म्हणजे समाजमंदिर, बालवाडी किंवा मंडळाची खोली. आतून कडी लागणारं दार, गल्लीकडे न उघडणारी खिडकी (उघडत असेल तर जाड कापड आणि खिळे सोबत), वीज, आणि चालत दोन मिनिटांवर शौचालय. शौचालय यासाठी की तपासणीआधी लघवी करून यावं लागतं. मूत्राशय भरलेलं असेल तर स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावं म्हणून आत घालायचं उपकरण) टोचतो आणि बाई अंग आखडते. सार्वजनिक शौचालय पैसे घेत असेल तर तिथल्या माणसाला दिवसाचे पैसे आधीच देऊन ठेवायचे. टेबलाभोवती पडदा हवा, तोही जमिनीपर्यंत. साडीत असलेल्या बाईला काही उतरवावं लागत नाही, सलवारवालीला लागतं, म्हणून धुतलेल्या चादरी किंवा लुंग्या भरपूर ठेवायच्या, प्रत्येकीला वेगळी. पुरुष कर्मचाऱ्याने दाराच्या बाहेर बसायचं, नोंदणीच्या टेबलावरही नाही.

बोलावताना फसवाफसवी नको. "कॅन्सरचं शिबिर" म्हटलं की बायका दार लावतात हे खरं, पण "साधी तपासणी आहे" म्हणून आणलं तर नंतर विश्वास राहत नाही. आम्ही सांगतो: तोंडाची, छातीची आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, कॅन्सर व्हायच्या आधीचा बदल सापडावा म्हणून. घरात सासू असेल तर तिचं तोंड आधी तपासायचं. बॅटरी आणि दोन मिनिटं एवढ्यावर काम होतं, दुखत नाही, आणि मग सूनबाईला पाठवायला ती स्वतःच सांगते.

तोंडाच्या तपासणीत सगळ्यांत जास्त निसटते ती मिश्री. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बाई "नाही" म्हणते आणि खोटं बोलत नसते, मिश्री तिच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. प्रश्न असा हवा: दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता? दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणारी बाई तंबाखू खाणाऱ्यांतच मोजायची. पुढचा प्रश्न कोणत्या बाजूला ठेवता हा, कारण चट्टा बहुधा तिथेच असतो. चूळ भरून घ्यायची, कवळी काढायला सांगायची. गुटख्याचा किंवा पानाचा रंग चढलेला असला तर त्याखाली पांढरा चट्टा दिसत नाही. मग ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, गाल आणि हिरडी यांमधली खाच, शेवटच्या दाढेमागची जागा, कापडाने धरून बाहेर ओढलेल्या जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू आणि शेवटी मानेतल्या गाठी. दाढेमागची जागा आणि जिभेच्या कडा घाईत राहतात, आणि त्याच राहून चालत नाहीत. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालंय, म्हणजे सुपारी-गुटख्याने आतली त्वचा कडक होत असल्याची शंका. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांतलं काहीही दिसलं की पुढे पाठवायचं. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. त्याला वाट पाहायला लावायची नाही.

पुरुष शिबिरात येत नाहीत, त्यांच्याकडे जावं लागतं. रिक्षास्टँड, मजुरांचा नाका, जरीचे आणि भंगाराचे कारखाने. कारखान्यात मालकाला आधी भेटून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची वेळ घ्यायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, त्यामुळे काही जण तो खात असल्याचं कबूल करत नाहीत. आपण पोलीस नाही हे पहिल्या वाक्यात सांगितलं की बोलू लागतात.

स्तनांच्या तपासणीत आमचं ठाम मत आहे: पन्नाशीपुढच्या बायकांना शोधून आणा. मुंबईच्याच त्या अभ्यासात, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नास आणि त्यावरील वयाच्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. शिबिरांत मात्र तिशी-चाळिशीच्या बायकांची रांग असते आणि आजी घरी नातवंडं सांभाळत बसतात, "आता माझं काय तपासायचं राहिलंय" म्हणत. त्यांच्यासाठी सेविकेने घरी जाऊन हात धरून आणणं हाच उपाय आहे. तपासताना मधल्या तीन बोटांचे पेर वापरायचे, टोकं नाहीत. बोटं छोट्या गोलात फिरवत, आधी हलका, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोचणारा दाब. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत, छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत. पाळी येत असेल तर ती संपल्यावर आठवड्याभरात. पाळीच्या आधी गाठाळपणा वाढतो आणि विनाकारण बायका पुढे पाठवल्या जातात. आत ओढलं गेलेलं बोंड, एकाच बाजूने येणारं रक्त किंवा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा आणि काखेतली गाठ, हे डोळ्यांनी आणि हाताने दोन्हींनी पाहायचं.

गर्भाशयमुखाची तपासणी ३० ते ४९ या वयात सर्वांत चांगली लागू पडते. पाळी गेल्यावर जिथे बदल होतात तो भाग वर गर्भाशयमुखाच्या नळीत सरकतो आणि वरून अ‍ॅसिड लावून तो दिसतच नाही. अशा बाईला "सगळं ठीक" सांगणं म्हणजे न पाहिलेल्या जागेची खात्री देणं. टेबलावर घेण्याआधी चार गोष्टी विचारायच्या: पाळी चालू आहे का, पोटात बाळ आहे का, बाळंतपणाला तीन महिने झालेत का, आणि पिशवी काढली आहे का. "ऑपरेशन झालंय" एवढं उत्तर पुरत नाही, कारण बहुतेक वेळा ते कुटुंबनियोजनाचं असतं. कॉपर-टी असली तरी तपासणी करता येते.

द्रावण रोज ताजं करायचं. पाच टक्क्यांसाठी १९० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात १० मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, उलट नाही. एका दिवसाला एवढं पुरतं. मूळ बाटली शिबिरात आणायचीच नाही. ते तीव्र अ‍ॅसिड चुकून कापसावर आलं तर भाजतं. द्रावण कालचं किंवा पातळ असेल तर उलटा धोका: बदल असूनही पांढरं होत नाही. प्रकाश पांढरा हवा, हॅलोजन किंवा चांगला एलईडी. खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली पांढरा डाग ओळखू येत नाही. वीज जाणार हे गृहीत धरून डोक्याला लावायची चार्ज केलेली बॅटरी ठेवायची.

स्पेक्युलम कोमट पाण्यात ओला करून घालायचा आणि काय करतोय ते प्रत्येक टप्प्याला बाईला सांगत राहायचं. गर्भाशयमुख दिसलं की अ‍ॅसिडआधी नुसतं पाहायचं. वाढलेला मांसल भाग किंवा हात लागताच रक्त येत असेल तर अ‍ॅसिड लावत बसायचं नाही, सरळ रुग्णालय. नसेल तर कोरड्या कापसाने चिकट स्राव पुसायचा, द्रावणात भिजवलेला कापूस सगळीकडे नीट लावायचा आणि घड्याळात पाहून पूर्ण एक मिनिट थांबायचं. बाहेर रांग असली की हे मिनिट वीस सेकंदांवर येतं, आणि चुकलेल्या तपासण्यांचं मोठं कारण हेच असतं. बाहेरची गुलाबी आणि आतली लालसर त्वचा जिथे मिळते त्या रेषेला चिकटून, स्पष्ट कडा असलेला, चुन्याचा हात दिल्यासारखा दाट पांढरा डाग आला तर तपासणी पॉझिटिव्ह. रेषेपासून दूर असलेली, फिकट, तुटक पांढुरकी छटा पॉझिटिव्ह धरायची नाही. अंगावरून पांढरं जात असेल, वास येत असेल तर त्याची औषधं त्याच दिवशी द्यायची. "आधी औषध, मग तपासणी" असं म्हणून परत पाठवलेल्या बाईची दुसरी फेरी क्वचितच होते.

एका बाईला दहा मिनिटं लागतात. म्हणजे चार तासांत एका परिचारिकेकडून चोवीस. त्याहून जास्त नावं लिहायचीच नाहीत. तितकेच निर्जंतुक स्पेक्युलम हवेत, वर चार-पाच जादा आणि त्यांत दोन लहान मापाचे. वापरलेला स्पेक्युलम ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात (चांगल्या ब्लीचिंग पावडरचे १५ ग्रॅम एका लिटरला) दहा मिनिटं, मग साबणाने ब्रशने घासून, धुऊन, वाळवून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं). दहा मिनिटांऐवजी दिवसभर बुडवून ठेवले की गंज चढतो आणि पुढच्या खेपेला कडा खरखरीत होतात. स्पेक्युलम संपले की शिबिर संपलं. मधल्या मध्ये घाईने उकळून पुन्हा वापरण्याचा मोह टाळायचा.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि हे पडद्याआड, एकटीला, बसवून सांगायचं. डॉक्टर आणि उपकरण असेल तर थर्मल अ‍ॅब्लेशन (उष्णतेने डाग नष्ट करणं) त्याच भेटीत होतं: १०० अंश सेल्सिअसला तापलेलं टोक २० ते ३० सेकंद. पण डाग पूर्ण दिसत असेल, नळीत शिरत नसेल, टोकाखाली झाकला जात असेल आणि कॅन्सरची शंका नसेल तरच. नंतर काही आठवडे पाण्यासारखं जातं, आणि चार आठवडे शरीरसंबंध टाळायचे असतात. ही शेवटची गोष्ट बाईला घरी सांगता येईल का हे आधी विचारायला हवं. लागलं तर नवऱ्याला बोलावून डॉक्टरांनी सांगायचं. एक वर्षाने पुन्हा तपासणी.

बाकीच्यांना रुग्णालयात जावं लागतं, आणि गोवंडीहून परळ म्हणजे हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ, सकाळच्या गर्दीत. चिठ्ठी देऊन "जाऊन या" म्हणणं इथे चालत नाही. ठरलेल्या वारी चार-पाच जणींना एकत्र घेऊन वस्तीतलीच एक सेविका सोबत जाते. तिला खिडक्या माहीत असतात, रांग कुठे धरायची ते माहीत असतं. तिचा दिवसाचा पगार आणि सगळ्यांचा प्रवास-चहा हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असला पाहिजे. पैसे कमी पडले तर बॅनर आणि टी-शर्ट कापा, हा खर्च नाही. कामाचा खाडा पडतो, तर मालकिणीला दाखवायला रुग्णालयाचा शिक्का असलेला कागद मागून घ्यायचा.

कागदांत अडतं ते नाव. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. महात्मा फुले योजनेच्या (मोफत उपचारांची सरकारी योजना) टेबलापाशी हे कळलं तर आठवडे जातात, म्हणून तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहायची. आभा क्रमांकाचंही (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) असंच. ओटीपी जातो आधारशी जोडलेल्या नंबरावर, म्हणजे कामावर गेलेल्या नवऱ्याच्या फोनवर. त्यासाठी बाईला थांबवून ठेवायचं नाही. तपासणी आधी, नोंद कागदावर, ऑनलाइन भरणं संध्याकाळी घरी जाऊन.

बायोप्सीच्या नावाने एक भीती पक्की बसलेली असते: लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो. शास्त्र सांगून ती जात नाही. वस्तीतच बायोप्सी आणि उपचार होऊन बरी झालेली बाई असते, तिची तयारी असेल तर तिला भेटवायचं. आणि वहीत पॉझिटिव्ह बाईची ओळ "पाठवली" या शब्दावर बंद करायची नाही. बायोप्सी झाली, रिपोर्ट हातात आला, उपचार सुरू झाला, उपचार पूर्ण झाला, असे वेगवेगळे रकाने. शेवटचा भरेपर्यंत ओळ उघडी. दर सोमवारी फक्त उघड्या ओळी वाचायच्या.

जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी पहिली करा असं सांगते, आणि त्यामागचा एक मोठा पुरावा आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला आहे: १९९९ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात १,३१,७४६ बायका होत्या, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. वस्तीसाठी यातली सोय म्हणजे नमुना बाईला स्वतः घेता येतो: पडद्यामागे किंवा घरी, ब्रश आत घालून फिरवायचा, नमुन्याच्या नळीत ठेवायचा. टेबल नाही, स्पेक्युलम नाही. एचआयव्ही असलेल्या बायकांची तपासणी पंचविशीपासून, तीन ते पाच वर्षांनी करायची असते, त्यांनाही हे सोपं जातं. पण रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही, म्हणजे प्रत्येक बाईला पुन्हा गाठणं आलं. यादीतले दोन फोन नंबर आणि जिन्याची खूण नसेल तर ही चाचणी घेऊ नये, असं आम्ही म्हणतो. नळीवर नाव आणि क्रमांक बाईसमोर लिहायचा, तिला वाचून दाखवायचा.

मधेच गावी निघालेल्यांसाठी एक पाकीट तयार ठेवतो: तपासणीचा कागद, बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत आणि मिळाले तर स्लाइड व ब्लॉक (बायोप्सीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळा), कारण ते नसतील तर नव्या ठिकाणी बायोप्सी पुन्हा होते. उत्तर प्रदेशात जाणारीला टाटाच्या वाराणसीच्या केंद्राचं नाव, बिहारला जाणारीला मुझफ्फरपूरचं, सोलापूर-धाराशिवकडे जाणारीला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचं नाव पाकिटावर मोठ्या अक्षरांत, तिला वाचता येणाऱ्या लिपीत. आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातही चालतं, हे तिला आणि सोबतच्या माणसाला दोघांनाही सांगायचं, आणि गावाकडचा एक नंबर घेऊन ती ओळ वहीत उघडीच ठेवायची.